न दिसणारा प्रवास दाखविताना

(पवई येथे शिक्षक, आरोग्य कर्मचारी आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



या सभागृहाकडे येताना आपणांपैकी बहुतेकांनी पवईचा तलाव पाहिला असेल. मुंबईला पाणी मिळावे म्हणून १८९१ च्या सुमारास तो बांधण्यात आला. पुढे त्याचे पाणी पिण्यास योग्य नाही असे ठरले व मुंबईकरांनी दुसरीकडचे पाणी आणले. आज वर्षातील बराच काळ त्या तलावावर पाण्याऐवजी जलपर्णीच दृष्टीस पडते. तिचा एखादा तुकडा तुटतो, वाऱ्याबरोबर पैलतीराला लागतो आणि तेथे तिचे नवे बेट वाढू लागते. कर्करोग शरीरात कसा पसरतो हे समजावून सांगताना मी अनेक वर्षे हाच दृष्टान्त देत असे. ऐकणाऱ्यांना तो चटकन पटे. हल्ली मी तो देत नाही. तो का सोडला हे सांगावे आणि त्या निमित्ताने शास्त्रीय ॲनिमेशन या साधनाविषयी चार अनुभवाचे शब्द बोलावेत, एवढाच माझा आजचा हेतू आहे.

आरंभीच एक कबुली दिलेली बरी. मी कला शाखेचा पदवीधर. पेशी म्हणून काही असते हे मी शाळेच्या पुस्तकात वाचले आणि परीक्षेनंतर विसरलो. नोकरीत आल्यावर मात्र शेतीपासून लसीकरणापर्यंत सर्व विषय लोकांना समजावून सांगण्याची जबाबदारी अंगावर आली. न कळलेली गोष्ट समजावून सांगणे हा आमच्या व्यवसायाचा नेहमीचा धोका आहे आणि तो मी पुरेपूर अनुभवला आहे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी एका दुष्काळी तालुक्यात काम करीत होतो. आठवडी बाजाराच्या संध्याकाळी चावडीसमोर पडदा लावून आरोग्यविषयक लघुपट दाखविण्याचा कार्यक्रम मी आखला. त्यातील एक लघुपट कर्करोगावर होता. कर्क म्हणजे खेकडा. तेव्हा चित्रकाराने लाल डोळ्यांचा एक काळा खेकडाच काढला होता. तो स्तनातील गाठीत दबा धरून बसलेला असे. डॉक्टरांची सुई जवळ येताच तो चवताळे, त्याच्या पोटाखालून असंख्य पिल्ले सुटत आणि रक्ताच्या प्रवाहातून फुप्फुसाकडे धाव घेत. रोग किती चिवट आहे हे दिसावे आणि लोकांनी लवकर दवाखाना गाठावा, असे करणाऱ्याच्या मनात असावे. लघुपटाची निवड माझी होती. मुलांनी टाळ्या पिटल्या, म्हाताऱ्यांनी माना डोलाविल्या आणि कार्यक्रम यशस्वी झाल्याचा अहवाल मी वरिष्ठांकडे पाठविला.

पुढे काही महिन्यांनी त्या गावच्या आशाताई भेटल्या. म्हणाल्या, "साहेब, तुमचा खेकडा लई महागात पडला." गावातील एका बाईच्या छातीत गाठ होती. सुईने तपासणी करण्याची तारीख ठरली होती. लघुपट पाहून ती घरी गेली आणि तिने तपासणीला जाण्याचे साफ नाकारले. "सुई लावली की पिल्लं सुटत्यात, म्या डोळ्यानं बघितलंय," एवढेच ती सांगे. सात महिन्यांनी ती रुग्णालयात गेली तेव्हा काखेतही गाठी आलेल्या होत्या.

गाठीला शस्त्र लावू नये, लावले की ती पसरते, ही समजूत आपल्या खेड्यापाड्यांतच काय, शहरांतील सुशिक्षितांतही आहे. मी ती निर्माण केली नव्हती. परंतु जी गोष्ट ती बाई आजवर केवळ ऐकत आली होती, ती मी तिला पडद्यावर दाखविली. पत्रकातील मजकुराशी वाद घालता येतो, वक्त्याला प्रश्न विचारता येतो. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीशी वाद कसा घालणार? हलत्या चित्राचे सामर्थ्य आणि त्याचा धोका हे दोन्ही तिच्या त्या तीन शब्दांत आले.

या कलेचा आरंभ आपल्याच मुंबईतून समजावून घेण्यासारखा आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा चित्रपटासाठी भांडवल देण्यास कोणी तयार नव्हते. दादासाहेबांनी कुंडीत वाटाण्याचे बी लावले, कॅमेरा समोर ठेवला आणि ठराविक अंतराने एकेक चित्र घेत रोपाची वाढ टिपली. कित्येक दिवसांची ती वाढ पडद्यावर जेमतेम मिनिटभरात उलगडली. तो चित्रपट पाहिल्यावर त्यांना पैसा मिळाला व त्यातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्यानंतर १९१५ च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाचा आणखी एक छोटा चित्रपट केला. त्यात आगकाड्या आपोआप हलतात, जुळतात, आकार धारण करतात. तंत्र दोन्हीकडे तेच. एक चित्र घ्यायचे, थांबायचे, दुसरे घ्यायचे.

तंत्र एक असले तरी या दोन चित्रपटांत एक मूलभूत भेद आहे आणि माझ्या मते आजच्या विषयाचे सारे मर्म त्यात आहे. वाटाणा खरोखरच वाढत होता; दादासाहेबांनी फक्त काळ आखडता घेतला. आगकाड्या मात्र हलत नव्हत्या. दोन चित्रांमध्ये त्यांना मनुष्याचा हात हलवीत होता. कर्करोगाची पेशी रक्तवाहिनीत शिरताना जिवंत माणसाच्या शरीरात कॅमेऱ्याने टिपणे आपल्याला साधत नाही. प्रयोगशाळेत उंदराच्या शरीरातील अशा हालचाली विशेष सूक्ष्मदर्शकातून पाहता येतात. रुग्णाच्या बाबतीत तज्ज्ञापुढे येतो तो रंगवून काचपट्टीवर ठेवलेला, स्तब्ध झालेला पातळ छेद. मधला सगळा प्रवास अनेक प्रयोगांवरून अनुमानाने जुळवावा लागतो आणि मग चित्रकार तो काढतो. म्हणजे शास्त्रीय ॲनिमेशन हे आगकाड्यांनी घेतलेले वाटाण्याचे सोंग होय. सोंग चांगले वठले तर अज्ञात प्रदेश उजळतो. पण ते सोंग आहे ही गोष्ट प्रेक्षकाला सांगितली नाही, तर माझ्या त्या चावडीवरच्या कार्यक्रमासारखी गत होते.

मोठमोठ्या संस्थांनाही ही अडचण चुकलेली नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने २००६ साली पेशीच्या अंतरंगावर एक संगणकीय ॲनिमेशन तयार करविले. रक्तातील पांढरी पेशी वाहिनीच्या भिंतीवरून गडगडत जाते, थांबते आणि भिंतीतून बाहेर पडते, असा त्याचा विषय. जगभरच्या विद्यार्थ्यांनी ते पाहिले आणि आजही ते पाहण्यासारखे आहे. त्यात एक इवलासा प्रथिनरेणू पाठीवर भलेमोठे गाठोडे घेऊन दोरीवरून डोंबाऱ्यासारखा डौलात एकेक पाऊल टाकीत जातो. प्रत्यक्ष पेशीत इतकी मोकळीक आणि इतका डौल नसतो. आषाढीच्या दिवशी पंढरपुरात नामदेव पायरीजवळ जी दाटी असते तशी पेशीत रेणूंची दाटी असते व प्रत्येक रेणू धक्के खात, मागेपुढे होत सरकत असतो. चित्रकाराने गर्दी दूर केली नसती तर आपल्याला काहीच दिसले नसते, हेही खरे. म्हणजे दिसावे म्हणून वगळावे लागते. आणि काय वगळले ते सांगावे लागते.

आता मूळ विषयाकडे वळू. कर्करोग पसरतो म्हणजे नेमके काय होते, आणि प्रत्येक टप्प्यावर चित्राने काय दाखवावे?

पहिली गोष्ट काळाची. एका बिघडलेल्या पेशीच्या दोन, दोनांच्या चार असे दुपटीचे गणित मांडा. दहा दुपटींनंतर १,०२४ पेशी होतात. वीस दुपटींनंतर साडेदहा लाखांच्या आसपास, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. तिसाव्या दुपटीला हा आकडा १०७ कोटींवर जातो आणि साधारण एक सेंटिमीटरची, बोटाला लागेल अशी गाठ तयार होते. अर्थात हे पाटीवरचे गणित झाले. प्रत्यक्षात पुष्कळ पेशी मध्येच मरतात, आणि एका दुपटीला काही आठवड्यांपासून अनेक महिने लागू शकतात. तेव्हा हाताला गाठ लागते त्या वेळी रोगाचे वय पुष्कळदा काही वर्षांचे असते. पडद्यावर मात्र हे सारे चाळीस सेकंदांत उरकते. पाहणाऱ्याची समजूत होते की काल नव्हते ते आज सर्वांगात पसरले. त्यातून दोन प्रकारची माणसे निघतात. एक म्हणते, आता धावून काय उपयोग? दुसरे म्हणते, मला तर कालपर्यंत काही नव्हते, मग डॉक्टर चुकला असेल. यावर उपाय सोपा आहे. चित्राच्या कोपऱ्यात दिनदर्शिकेची पाने उलटताना दाखवावीत. खर्च काही नाही, परंतु फार थोड्या लघुपटांत मी ती पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट कुंपणाची. आपल्या तोंडाच्या आतील त्वचा, गर्भाशयाचे मुख, स्तनातील दुग्धनलिका यांच्या अस्तराखाली एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. त्याला आधारपटल म्हणता येईल. पेशी कितीही बिघडलेल्या असल्या तरी जोवर त्या या पटलाच्या अलीकडे आहेत, तोवर त्यांना रक्तवाहिनीचा रस्ता सापडलेला नसतो. मग केव्हातरी काही पेशींची शेजारणींशी असलेली चिकटण सुटते, त्या पटल विरघळविणारी द्रव्ये सोडतात आणि भेगेतून अंग आवळून पलीकडे उतरतात. माझ्या दृष्टीने साऱ्या कथेतील महत्त्वाचा क्षण हाच. एखाद्या लघुपटात एकच प्रसंग सावकाश दाखवायचा असेल तर तो हा दाखवावा, कारण ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या हाती जे काही आहे ते या क्षणाच्या आधी आहे.

गर्भाशयाच्या मुखाच्या बाबतीत कुंपणाच्या अलीकडचा काळ पुष्कळदा दहा वर्षांहून मोठा असतो. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठी पाहणी केली. तीत १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा समावेश होता आणि गावे गटागटाने वाटून घेतली होती. या पाहणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. पॅपिलोमा विषाणूची तपासणी केवळ एकदाच करण्यात आलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ज्या जिल्ह्यात त्या काळी उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागे, त्या जिल्ह्यातील बायाबापड्यांनी जगाच्या वैद्यकाला हा पुरावा दिला. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. आणि ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली जात नाही याची खंतही वाटते.

तोंडातील पांढरा चट्टा, तंबाखू-सुपारी खाऊन आखडत चाललेला जबडा, ही कुंपणाअलीकडची लक्षणे आहेत. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. ती किती पाळली जाते हे टपरीवर उभे राहणाऱ्या आपणा सर्वांस ठाऊक आहे, तेव्हा त्यावर अधिक बोलत नाही.

तिसरा टप्पा प्रवासाचा. कुंपण ओलांडलेली पेशी लसीकावाहिनीतून जवळच्या ग्रंथीत, किंवा रक्तवाहिनीतून दूरवर जाते. येथे बहुतेक लघुपट चूक करतात. पेशींची फौज निघाली, तिने फुप्फुस जिंकले, यकृत जिंकले असे दाखवितात. वस्तुस्थिती अशी की या प्रवासात निघालेल्या पेशींपैकी बहुतेक सर्व नष्ट होतात. रक्ताच्या वेगवान प्रवाहात त्या फाटतात, शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना गाठतात, काहींना नुसताच आधार मिळत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत असे आढळले आहे की रक्तात सोडलेल्या दहा हजार पेशींतून नवी गाठ धरणारी एखादीही पेशी निघत नाही. चित्रात या मरणाऱ्या पेशी दाखवीत का नाहीत? बहुधा पराभूत शत्रू पडद्यावर रंगत नाही म्हणून. पण रुग्णाच्या मनाला उभारी देणारे दृश्य तेच आहे, आणि ते खरेही आहे.

शेवटी रुजणे. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रक्त तर सर्व अवयवांना जाते. मग यकृतात नव्या गाठी पुष्कळ आणि प्लीहेत क्वचित, असे का? त्यांनी उत्तर दिले की बी सगळीकडे पडते, परंतु मानवेल त्या जमिनीतच उगवते. शेतकऱ्याला हे सांगण्यासाठी वैद्यकाची गरज नाही. ज्वारीच्या रानातला टारफुला आपणांपैकी अनेकांना माहीत असेल. त्याचे बी धुळीसारखे बारीक. जमिनीत ते वर्षानुवर्षे निपचित पडून राहते. ज्वारीच्या मुळांचा पाझर पोहोचला की मगच अंकुरते आणि मुळाला डसते. कर्करोगाच्या काही पेशीही हाडाच्या मगजात किंवा अन्यत्र अशाच निजून राहतात व पाच, दहा, क्वचित पंधरा वर्षांनी जाग्या होतात. "बरा झालो होतो, मग हा पुन्हा कुठून आला?" या रुग्णाच्या प्रश्नाला टारफुल्याइतके चांगले उत्तर मला मिळालेले नाही. हल्ली मी जलपर्णीऐवजी त्याचे उदाहरण देतो.

कारण जलपर्णीचा दृष्टान्त ऐकणाऱ्याला एकाच निष्कर्षाकडे नेतो. ओढाल तर तुटेल, तुटेल तर पसरेल. म्हणजे पुन्हा तीच सुई आणि तीच पिल्ले.

मग शस्त्रक्रियेने कर्करोग पसरतो की नाही? हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो आणि आजही येईल, म्हणून जरा सविस्तर बोलतो. "छे, मुळीच नाही" असे ठणकावून सांगण्याचा मोह होतो. मीही पूर्वी तसेच सांगत असे. खरे उत्तर याहून किंचित लांब आहे आणि ते लांबच द्यावे. बायॉप्सीच्या सुईने रोग पसरण्याची शक्यता बहुतेक कर्करोगांत अगदी नगण्य असते. ज्या मोजक्या ठिकाणी ती विचारात घ्यावी लागते ती तज्ज्ञांना ठाऊक असतात व त्यानुसार ते मार्ग निवडतात. शस्त्रक्रियेत गाठ भोवतालच्या निरोगी मांसाच्या कडेसह काढतात, ती याच कारणासाठी. गाठ हाताळली जाताना काही पेशींना चालना मिळत असेल काय, हा प्रश्न मात्र शास्त्रज्ञांनी झटकून टाकलेला नाही. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातील अकरा केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर एक चाचणी झाली. स्तनातील गाठ काढण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे तिच्या सभोवती लिडोकेन टोचले. दात काढताना हिरडी बधिर करण्यास वापरतात ते हेच साधे, स्वस्त औषध. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण औषध टोचलेल्या गटात शेकडा ९०.१ आणि न टोचलेल्या गटात ८६.४ होते.

हे आकडे नीट वाचले पाहिजेत. लिडोकेन न मिळालेल्या, केवळ नेहमीची शस्त्रक्रिया व उपचार झालेल्या शंभर स्त्रियांपैकीही ८६ पाच वर्षांनी हयात होत्या. शस्त्राला भिणाऱ्या घरात हा आकडा सांगावा. आणि उरलेल्या फरकासाठी परळच्या डॉक्टरांनी दहा मिनिटांचा उपाय शोधला, हेही सांगावे.

याच रुग्णालयातील आणखी एक अभ्यास तोंडाच्या कर्करोगाविषयी आहे. तोंडातील गाठ लहान असते, मानेत हाताला काहीच लागत नाही. अशा वेळी मानेतील ग्रंथी त्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की त्या वाढल्या तरच काढाव्यात, याविषयी तज्ज्ञांत दीर्घकाळ मतभेद होते. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, ग्रंथी आधीच काढलेल्या रुग्णांपैकी तीन वर्षांनंतर शेकडा ८०, तर वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ जण हयात होते. म्हणजे हाताला न लागणाऱ्या पेशी पुष्कळांच्या मानेत आधीच पोहोचलेल्या होत्या. "गाठ गालात, आणि मान का कापली?" असे नातलग रागाने विचारतात. या प्रश्नासाठी गालापासून मानेपर्यंतच्या लसीकावाहिन्यांचे एक मिनिटाचे ॲनिमेशन तासभराच्या व्याख्यानाहून अधिक काम करील. रोगाचे भय घालणाऱ्या दहा लघुपटांपेक्षा मला असा एक हवा आहे.

आपण बसलो आहोत त्या पवईत या कामाला लागणारे बहुतेक सर्व काही आहे. येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५८ ची, आणि तिच्यातील औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ पासून चालू आहे. चित्र, आकार, हालचाल यांचा अभ्यास करणारे विद्यार्थी आणि पेशींचा अभ्यास करणारे संशोधक एकाच आवारात, एकाच उपाहारगृहात चहा पितात. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी याच आवारात एका देशी उपचारपद्धतीचे लोकार्पण केले. रुग्णाच्या रक्तातील संरक्षक पेशी बाहेर काढायच्या, निर्धोक केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत नवे जनुक घालायचे, त्यांची संख्या वाढवायची आणि त्या रुग्णाला परत द्यायच्या, अशी ही पद्धती असून ती काही विशिष्ट रक्तकर्करोगांसाठी आहे. आता हे वाक्य मी एखाद्या बाजारगावी उच्चारले तर लोक 'विषाणू' या शब्दावर अडतील आणि पुढचे ऐकणार नाहीत. येथे चित्रच हवे. मात्र येथेही सावधगिरी हवी. रक्ताचा कर्करोग मुळातच वाहत्या पेशींचा. गाठ, कुंपण, प्रवास ही कथा त्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. एकच लघुपट सर्व कर्करोगांना चिकटविण्याची आम्हा प्रसिद्धी करणाऱ्यांची खोड येथे अंगाशी येईल.

आणखी एक गोष्ट पेशीच्या चेहऱ्याविषयी. कर्करोगाच्या पेशीला डोळे, दात, शिंगे काढू नयेत, असे माझे मत आता पक्के झाले आहे. ती बाहेरून आलेली नाही, आपल्याच शरीरातील आहे. तिला राक्षस केले की बघणारा तिला जंतू समजतो. आणि जंतू म्हटला की घरात रुग्णाचे ताट-तांब्या वेगळे होतात. कर्करोग स्पर्शाने लागत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा विषाणू मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जातो व त्यावर लस आहे, हा भेदही सांगावा लागतो. खरे पाहता पेशीला रंगही नसतो. तज्ज्ञ पाहतात तो जांभळा-गुलाबी रंग काचपट्टीवर चढविलेला असतो. एका खेड्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारले होते, "साहेब, या पेशीला अक्कल असते का हो? बरोबर रस्ता कसा सापडतो तिला?" हा प्रश्न चित्राने निर्माण केला होता. पडद्यावरची पेशी ठाम पावलांनी जात होती. तिला अक्कल नसते, हजारो पेशी आंधळेपणाने भरकटतात आणि एखादी कुठेतरी टेकते, असे मी सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग तसं काढायचं होतं."

तेव्हापासून मी लघुपट आवाज बंद करून दाखवितो. ही युक्ती माझी नव्हे. कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले आहेत. चित्रांची पोथी पुढ्यात, एकेक चित्र उभे करायचे आणि त्यावर आपल्या बोलीत कथा सांगायची. समोरचा गोंधळला की चित्र तेथेच थांबते. यंत्रातला निवेदक थांबत नाही, त्याला मालवणी येत नाही, वऱ्हाडीही येत नाही, आणि समोर कोणाच्या छातीत गाठ आहे हे त्याला ठाऊक नसते. आपल्या शिक्षकांना आणि आशाताईंना ते ठाऊक असते. लघुपट संपल्यावर मी एकच करतो. श्रोत्यांपैकी कोणाला तरी उठवून, पाहिले ते सांगावयास लावतो. चावडीवर त्या रात्री मी हा प्रश्न एकदा विचारला असता, तर पिल्लांची गोष्ट तेथेच माझ्या कानावर आली असती.

माझा वेळ संपत आला आहे. सोबत चार मिनिटांचा एक तुकडा आणला आहे. गालाच्या आतील चट्ट्यापासून मानेतील ग्रंथीपर्यंतचा. आवाज मी बंद ठेवला आहे. कुंपणाचे दृश्य येईल तेथे मी चित्र थांबवीन, आणि मागच्या रांगेतील ताईंनी तेथून पुढे काय होईल ते त्यांच्या शब्दांत सांगावे, अशी विनंती आहे. पंखे चालू राहू द्यावेत, फक्त पडद्याजवळचे दिवे मालवावेत.